शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड दत्तक घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रेहाउंड दत्तक घेण्याचं मनात आहे असं कुणी म्हटलं की मी आधी एकच गोष्ट सांगते. हा कुत्रा पूर्ण वाढलेला आहे, धट्टाकट्टा आहे, माणसांच्या हाताची त्याला सवय आहे. पण घर नावाची जागा त्याने कधी पाहिलेली नाही. खालची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीतून निघतात.

हे कुत्रे येतात कुठून?

यांत्रिक सशामागे कुत्रे धावण्याची आजची शर्यत अमेरिकेत सुरू झाली. ओवेन पॅट्रिक स्मिथ यांनी १९१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिल इथे तसा ट्रॅक सुरू केला. जुलै १९२६ मध्ये इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर पहिली शर्यत झाली, आणि पुढे आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड असा हा धंदा पसरला. शर्यतीसाठी दरवर्षी पिल्लं जन्माला घातली जातात, त्यामुळे दरवर्षी कुत्रे निवृत्तही होतात. त्यांचं पुढे काय करायचं हा प्रश्न बराच काळ कुणी मनावर घेतला नव्हता. ब्रिटनमध्ये त्यासाठी १९७५ मध्ये रिटायर्ड ग्रेहाउंड ट्रस्ट स्थापन झाला. आज तो ग्रेहाउंड ट्रस्ट या नावाने ओळखला जातो. ऑस्ट्रेलियात राज्याराज्यांत ‘गॅप’ (ग्रेहाउंड अडॉप्शन प्रोग्रॅम) या नावाने दत्तक कार्यक्रम चालतात.

आता चित्र झपाट्याने बदलतंय. फ्लोरिडाच्या मतदारांनी २०१८ मध्ये शर्यतींवर बंदी आणली आणि २०२० संपेपर्यंत तिथले ट्रॅक बंद झाले. मकाऊचा कॅनिड्रोम हा ट्रॅक २०१८ मध्ये बंद झाला तेव्हा पाचशेहून अधिक कुत्रे मागे उरले होते आणि त्यांच्यासाठी जगभर घरं शोधावी लागली. न्यूझीलंड सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये शर्यती बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, वेल्सनेही २०२५ मध्ये तीच दिशा धरली. ट्रॅक बंद होणं ही मला आनंदाची गोष्ट वाटते. पण बंदीचा दिवस म्हणजे शेकडो कुत्र्यांना एकदम घर लागण्याचा दिवस, हेही तितकंच खरं. याउलट अमेरिकेत ट्रॅक मोजकेच उरल्यामुळे दत्तकासाठी कुत्रे कमी आणि इच्छुक जास्त अशी स्थिती आहे. तिथल्या काही संस्था आयर्लंड आणि ऑस्ट्रेलियातून कुत्रे आणतात.

निवृत्त म्हणजे म्हातारा का?

नाही. बहुतेक कुत्रे दोन ते पाच वर्षांचे असताना शर्यत सोडतात. काहींना दुखापत होते, काहींचा वेग कमी पडतो, आणि काहींना त्या सशामागे धावण्यात मुळातच रस नसतो. ग्रेहाउंडचं आयुष्य साधारण दहा ते चौदा वर्षांचं असतं. म्हणजे तीन वर्षांचा कुत्रा घरी आला तर त्याचं बहुतेक आयुष्य अजून तुमच्यासोबत जायचं असतं.

एवढा वेगाने धावणारा प्राणी घरात कसा राहील? मोठं अंगण हवंच ना?

हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. ग्रेहाउंड कमी अंतराचा धावपटू आहे. त्याची शर्यत साधारण अर्ध्या मिनिटात संपते आणि उरलेला दिवस तो झोपून काढतो. ट्रॅकवरच्या केनेलमध्ये, म्हणजे कुत्रे ठेवायच्या जागेतही त्याचा बहुतेक वेळ आडवं पडण्यातच जातो. घरात आल्यावरही तो सोफा किंवा सर्वांत जाड गादी हेरतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. दिवसातून दोनदा वीस-तीस मिनिटांचं चालणं बहुतेकांना पुरतं. फ्लॅटमध्ये तो छान राहतो. भुंकतोही फार कमी.

मात्र नर तीस ते चाळीस किलोचा, मादी पंचवीस ते बत्तीस किलोच्या आसपास. पाय पसरून झोपलेला ग्रेहाउंड भरपूर जागा व्यापतो, तेव्हा घर लहान असलं तरी त्याची गादी मात्र मोठी हवी. कोपरांना आणि कमरेच्या हाडांना मांसाचा आधार नसल्यामुळे पातळ सतरंजीवर त्याला घट्टे पडतात.

तुम्हाला रोज दहा किलोमीटर धावायला जोडीदार हवा असेल तर दुसऱ्या जातीचा विचार करा. काही ग्रेहाउंड हळूहळू सरावाने मालकासोबत धावू लागतात, पण त्यासाठी तो कुत्रा घेऊ नये.

तोंडाला मुस्कं बांधलेलं दिसतं. म्हणजे चावतात का?

शर्यतीत सहा किंवा आठ कुत्रे एकमेकांना घासून पळतात. त्या धुमश्चक्रीत दात लागू नयेत म्हणून मुस्कं असतं, शिवाय निकाल अटीतटीचा असेल तर कुणाचं नाक पुढे होतं हे त्यामुळे छायाचित्रात नीट दिसतं. माणसांशी ग्रेहाउंड अतिशय सौम्य असतात. लहानपणापासून अनेक माणसांनी त्यांना हाताळलेलं असतं, वजन केलेलं असतं, पाय चोळलेले असतात, नखं कापलेली असतात. दवाखान्यातल्या टेबलावर तो निमूट उभा राहतो याचं कारण तेच.

मुस्क्याची त्यांना सवय असते आणि त्याचं दुःखही नसतं. नवीन घरात, नवीन प्राण्यांशी ओळख करून देताना किंवा दोन-तीन ग्रेहाउंड एकत्र मोकळे सोडताना ते जरूर वापरा. त्यांची कातडी पातळ असते. खेळताना दात नुसता लागला तरी टाके घालण्याइतकं कापतं. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांनी २०१९ मध्ये पाळीव ग्रेहाउंडवरची सार्वजनिक ठिकाणच्या मुस्क्याची सक्ती काढून टाकली. तुमच्या भागातला नियम दत्तक देणाऱ्या संस्थेला विचारून घ्या. पट्ट्याची सक्ती बऱ्याच ठिकाणी कायम आहे.

घरात मांजर आहे. जमेल का?

काही ग्रेहाउंडांचं जमतं, काहींचं कधीच जमत नाही, आणि यात तुमच्या प्रेमाचा किंवा शिस्तीचा फारसा संबंध नसतो. हा नजरेने शिकार करणारा कुत्रा आहे. हलणारी छोटी वस्तू दिसली की मागे लागायचं, यासाठी माणसानेच शेकडो पिढ्या त्याला निवडून वाढवलंय.

चांगली संस्था दत्तक देण्याआधी मांजराची चाचणी घेते. मुस्कं आणि पट्टा बांधून त्याला शांत मांजराजवळ नेतात आणि निरखतात. कुतूहलाने हुंगून मान वळवणारा, हाक मारली की परत येणारा कुत्रा शिकू शकतो. अंग ताठ, कान उभे, नजर खिळलेली, खाऊ नाकाशी धरला तरी त्याला दिसत नाही, असा कुत्रा मांजराच्या घरात देऊ नये. तशा कुत्र्याला ‘सवय होईल’ म्हणून आणणं मांजराच्या जिवावर बेतू शकतं.

चाचणीत उत्तीर्ण झालेल्यालाही पहिले काही आठवडे मांजरासोबत एकटं सोडू नका. मांजराला उंचावर जायला आणि दुसऱ्या खोलीत सटकायला वाट ठेवा. घरातल्या मांजराशेजारी झोपणारा ग्रेहाउंड अंगणात पळणाऱ्या त्याच मांजरामागे लागू शकतो, हे शेवटपर्यंत लक्षात असू द्या. ससे, गिनिपिग आणि अगदी छोट्या जातींचे कुत्रे यांनाही हेच लागू. अनेक ग्रेहाउंडांनी आयुष्यात दुसऱ्या जातीचा कुत्राच पाहिलेला नसतो. पांढरा, केसाळ, तुरुतुरु चालणारा लहान प्राणी हा कुत्रा आहे हे त्यांना शिकावं लागतं.

लहान मुलं आहेत. काय काळजी घ्यावी?

स्वभाव मुलांना साजेसा असतो, पण एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने शिकायला हवी : झोपलेल्या ग्रेहाउंडला हात लावायचा नाही. केनेलमध्ये तो आपल्या कप्प्यात एकटा किंवा एका जोडीदारासोबत झोपत असतो. झोपेत कुणी अंगावर येण्याची त्याला सवय नसते. अचानक स्पर्श झाला तर काही कुत्रे जागे व्हायच्या आत गुरगुरतात किंवा तोंड मारतात आणि दुसऱ्या क्षणी स्वतःच गोंधळून बघतात. त्यातून बरेच ग्रेहाउंड डोळे उघडे ठेवून झोपतात, त्यामुळे तो जागा आहे असं वाटून मूल जवळ जातं. आधी लांबून नावाने हाक मारायची, त्याने मान उचलली की मगच जायचं. त्याची गादी येण्याजाण्याच्या वाटेवर नको. पलंगावर शेजारी झोपवण्याची घाईही पहिल्या महिन्यांत नको.

हे मुलाला समजण्याइतकं त्याचं वय नसेल, तर कुत्र्याच्या गादीभोवती मुलांना अडवणारं छोटं फाटक लावा. तेही शक्य नसेल तर थोडी वर्षं थांबा.

बागेत मोकळा सोडला तर परत येईल ना?

मोकळा सोडू नका. या मुद्द्यावर मी तडजोड करत नाही.

ग्रेहाउंडचा सर्वोच्च वेग ताशी सत्तर किलोमीटरच्या जवळ जातो. पूर्ण वेगात असेल तर शंभर मीटर अंतर तो सहा सेकंदांच्या आसपास कापतो. त्याला खूप लांबचं दिसतं. तुम्हाला ससा दिसायच्या आत तो निघालेला असतो, आणि एकदा निघाला की हाक त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही. मध्ये रस्ता आला तर तो रस्ता पाहत नाही. घरी हाकेला धावत येणारे, वर्षानुवर्षं शहाण्यासारखे वागलेले कुत्रे असेच गेले आहेत. त्याला धावू द्यायचं असेल तर चारी बाजूंनी बंदिस्त, शक्यतो सहा फूट कुंपणाची जागा शोधा. तिथेही आधी पाच-दहा मिनिटं चालवून स्नायू गरम होऊ द्या. आठवडेच्या आठवडे सोफ्यावर काढलेल्या कुत्र्याने एकदम जीव तोडून धावणं स्नायूंना घातक ठरतं.

पट्ट्याबद्दलही थोडं. ग्रेहाउंडची मान डोक्यापेक्षा रुंद असते. साधा पट्टा तो दोन पावलं मागे सरकून सहज काढतो. मार्टिंगेल प्रकारचा रुंद पट्टा घ्या. ओढ बसली की तो थोडा आवळतो, पण गळा दाबत नाही. घाबरट कुत्र्याला त्यासोबत अंगपट्टाही बांधा आणि दोन्हींना दोरी जोडा. आपोआप गुंडाळली जाणारी लांब दोरी या जातीसाठी धोकादायक आहे. तेवढ्या अंतरात तो इतका वेग घेतो की दोरी संपताना बसणारा झटका त्याची मान दुखावतो आणि तुमच्या हातातून दोरीची मूठ सुटते. मग ती मूठ आवाज करत त्याच्या मागे फरफटते आणि तो भिऊन आणखी पळतो. दोन मीटरची साधी, मजबूत दोरी उत्तम. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला कायम असावा, घरातसुद्धा, कारण बहुतेक कुत्रे उघड्या राहिलेल्या दारातूनच निसटतात.

पहिल्या दिवशी घरात काय होतं?

तो दारातच थबकेल. चकचकीत फरशी त्याला निसरड्या पाण्यासारखी वाटू शकते. काचेचं दार त्याला दिसत नाही, म्हणून त्याच्या नाकाच्या उंचीवर कागदाच्या पट्ट्या चिकटवा. आरसा, टीव्ही, मिक्सरचा आवाज, व्हॅक्यूम क्लीनर, सगळंच पहिल्यांदा. जिना तर बहुतेकांनी पाहिलेलाच नसतो. चार लांब पायांचं काय करायचं हे त्यांना कळत नाही आणि मग ते खालच्या पायरीवर कापत उभे राहतात किंवा वरून एकदम उडी मारतात, जे जास्त वाईट.

जिना शिकवायला दोन माणसं घ्या. एकाने समोर, एकाने मागे. मागच्याने मांड्यांना आधार द्यायचा आणि एकेक पाऊल हाताने उचलून पुढच्या पायरीवर ठेवायचं. चढणं सोपं, उतरणं अवघड. उतरताना अंग भिंतीला टेकू द्या. पायऱ्यांवर चटईचे तुकडे लावले तर अर्धी भीती जाते.

पहिला आठवडा पाहुणे बोलावू नका. नातेवाईकांना दाखवायचा उत्साह मी समजू शकते, पण त्या कुत्र्याने एका दिवसात सोबती, वास, आवाज, जेवणाच्या वेळा, सगळं गमावलेलं असतं. त्याला एक शांत कोपरा, ठरलेल्या वेळी जेवण आणि ठरलेल्या वेळी बाहेर जाणं एवढंच हवं असतं. काही कुत्रे पहिले दोन दिवस खात नाहीत, काही कोपऱ्यातून हलत नाहीत. शेपटी हलायला, खेळणं तोंडात धरून नाचायला कधी आठवडे लागतात, कधी महिने. तुमचा कुत्रा लाजरा निघाला म्हणून निराश होऊ नका. त्याचा खरा स्वभाव तुम्ही अजून पाहिलेलाच नाही.

कामावर गेल्यावर एकटा राहील का?

दत्तक फसण्याचं सगळ्यात मोठं कारण इथे आहे, म्हणून नीट वाचा. शर्यतीचा कुत्रा जन्मापासून कधी एकटा राहिलेला नसतो. आधी भावंडं, मग केनेलमधले डझनावारी कुत्रे. रात्रीसुद्धा आजूबाजूला कुणाचा तरी श्वास ऐकू येत असतो. अशा प्राण्याला रिकाम्या घरात सोडलं की काही जण रडतात, काही दार कुरतडतात, काही घरात घाण करतात. त्याला राग येत नसतो, तो घाबरलेला असतो.

प्रेमळ माणसं इथे हमखास एक गोष्ट करतात : आठवडाभर रजा घेतात, चोवीस तास त्याच्यासोबत राहतात आणि सोमवारी सकाळी एकदम नऊ तास गायब होतात. रजा जरूर घ्या, पण त्या रजेतच त्याला एकटेपणा शिकवा. पहिल्याच दिवसापासून. दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावा, अर्ध्या मिनिटाने परत या. मग दोन मिनिटं. मग कचरा टाकायला खाली. किल्ल्या हातात घ्या, चपला घाला आणि जाऊ नका. जाताना लाडाचा निरोप नको, आल्यावर आनंदाचा गोंधळ नको. तो शांत राहिला तरच वेळ वाढवा, बिथरला तर एक टप्पा मागे या. चघळायला खाऊ भरलेलं खेळणं द्या आणि जमलं तर फोनच्या कॅमेऱ्याने पाहा. तुमच्या मागे तो झोपतो की येरझारा घालतो हे अंदाजाने कळत नाही.

पिंजऱ्याबद्दल मतभेद आहेत. अमेरिकेतल्या ट्रॅकवरून आलेले कुत्रे पिंजऱ्यात राहिलेले असतात आणि पुष्कळांना त्यात सुरक्षित वाटतं. ब्रिटन, आयर्लंडमधले कुत्रे मोठ्या कप्प्यात, बऱ्याचदा जोडीने राहतात. त्यांना पिंजरा नवा असतो आणि कोंडलं तर ते दात मोडेपर्यंत धडपडू शकतात. कुत्रा कुठून आला हे पाहून ठरवा.

घरात रोज आठ-नऊ तास कुणीच नसेल आणि मध्ये येणारंही कुणी नसेल, तर कृपया हा निर्णय पुढे ढकला.

शी-शू घरात करेल का?

केनेलमध्ये ठरलेल्या वेळी बाहेर सोडतात, त्यामुळे झोपायची जागा स्वच्छ ठेवणं त्यांना येतं. आपलं काम एवढंच, की अख्खं घर ही झोपायची जागा आहे हे पटवायचं. पहिले काही दिवस दर दोन-तीन तासांनी, उठल्यावर आणि जेवल्यावर बाहेर न्या, बाहेर झालं की लगेच शाबासकी द्या. रागावू नका. बहुतेक कुत्रे लवकर शिकतात. नर एखाद्या खांबावर खूण करू पाहतो. तेव्हा लक्ष दुसरीकडे वेधून बाहेर घेऊन जा.

चालता चालता मध्येच पुतळ्यासारखा उभा राहतो. आजारी आहे का?

बहुधा नाही. नवीन जगातलं खूप काही एकदम अंगावर आलं की ग्रेहाउंड थिजतो. ओढलं तर पाय आणखी रोवतो. दोरी सैल सोडा, थांबा, मग त्याच्या बाजूने छोटा वळसा घेऊन दुसऱ्या दिशेला चाला. मान वळली की पाय सुटतात. पहिले काही आठवडे रोज एकच छोटा रस्ता धरा. मात्र जुना, रुळलेला कुत्रा अचानक चालायला नकार देऊ लागला तर पाय आणि पंजे तपासून घ्या.

‘बस’ म्हटलं तर बसत नाही.

मांड्यांचे स्नायू इतके भरलेले असतात की अनेकांना बसणं अवघड जातं. शिकतात, पण तो अट्टहास कशाला? त्याऐवजी ‘थांब’, ‘इकडे ये’ आणि ‘सोड’ शिकवा. या तीन गोष्टी जीव वाचवतात. आवाज चढवला की ग्रेहाउंड मनातून मिटून जातो. खाऊ आणि हळू आवाज यांवरच त्याचं शिक्षण चालतं.

फासळ्या दिसतात. उपाशी ठेवला असं लोक म्हणतात.

म्हणू द्या. शेवटच्या दोन-तीन फासळ्या आणि कमरेच्या हाडांची टोकं हलकी दिसणं हे निरोगी ग्रेहाउंडचं लक्षण आहे. शर्यतीच्या वजनापेक्षा दोन-तीन किलो वाढणं ठीक. त्याहून जास्त भार त्या बारीक पायांच्या हाडांना सोसत नाही. दिवसाचं खाणं दोन वेळांत विभागा. ट्रॅकवर त्याचं खाणं वेगळं असतं, म्हणून नवीन अन्न आठवडाभरात हळूहळू वाढवा, नाहीतर पोट बिघडतं. जेवणानंतर तासभर पळापळ नको. छाती खोल असणाऱ्या जातींमध्ये पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो; पोट टम्म होऊन तो कोरड्या उलट्या काढू लागला तर एक मिनिट न दवडता दवाखाना गाठा. स्वयंपाकघरातला ओटा त्याच्या नाकाच्या उंचीवर येतो, तेव्हा चॉकलेट, मनुका, कांद्याचे पदार्थ बंद कपाटात गेलेच पाहिजेत.

दात हा स्वतंत्र विषय. निवृत्त कुत्र्यांचे दात बऱ्याचदा वाईट अवस्थेत असतात. दत्तक देण्यापूर्वी संस्था ते साफ करून देतात, पुढे रोज ब्रश करणं तुमच्याकडे. त्याला ते चालतं.

डॉक्टरांना वेगळं काही सांगायला हवं का?

हो, आणि हा भाग लिहून फाइलला लावून ठेवा. ग्रेहाउंडचं शरीर इतर कुत्र्यांपेक्षा खरोखर वेगळं चालतं, आणि या जातीचे रुग्ण क्वचितच पाहणाऱ्या डॉक्टरांना ते सवयीचं नसतं.

रक्ताच्या अहवालापासून सुरुवात करू. ग्रेहाउंडमध्ये लाल पेशींचं प्रमाण जास्त असतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, पन्नास ते पासष्ट टक्के हे त्याच्यासाठी सामान्य आहे. प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी कमी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम ज्यावरून जोखतात ते) थोडं जास्त. छापील तक्त्याशी ताडून पाहिलं तर निरोगी कुत्रा मूत्रपिंडाचा रुग्ण वाटू शकतो. थायरॉइडचं टी-४ हे संप्रेरक इतकं कमी येतं की अनेक ग्रेहाउंडांना गरज नसताना आयुष्यभराच्या गोळ्या सुरू होतात. मांड्यांच्या मागचे केस गेलेले असले तर संशय आणखी बळावतो, पण तसं टक्कल या जातीत सर्रास आढळतं. फक्त टी-४ वर विसंबून औषध सुरू करू नका, पूर्ण तपासणी मागा. हृदय आकाराने मोठं असतं आणि हलकी मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, ऐकू येणं बहुधा निरुपद्रवी असतं.

दुसरा मुद्दा भूल. काही औषधं पचवणारी यकृतातली विकरं ग्रेहाउंडमध्ये कमी काम करतात, शिवाय अंगात चरबी नाममात्र. थायोपेंटालसारख्या जुन्या औषधानंतर तो तासन् तास शुद्धीवर येत नसे. ते औषध या जातीत वापरूच नये. आता सुरक्षित पर्याय आहेत, पण ग्रेहाउंडला भूल दिल्याचा अनुभव आहे का, हे विचारायला संकोच करू नका. भुलेखाली अंग पटकन गार पडतं किंवा कधी उलट तापतं, म्हणून तापमानावर सतत नजर लागते.

तिसरा आणि लोकांना बिलकुल माहीत नसलेला मुद्दा : शस्त्रक्रियेनंतर उशिरा होणारा रक्तस्राव. ऑपरेशन व्यवस्थित होतं, कुत्रा घरी येतो, आणि दीड-दोन दिवसांनी जखमेभोवती काळंनिळं पसरू लागतं. तयार झालेली गुठळी शरीर लवकर विरघळवतं म्हणून हे घडतं. अमिनोकॅप्रोइक आम्ल किंवा ट्रॅनेक्झॅमिक आम्ल देऊन ते टाळता येतं. शस्त्रक्रिया ठरवतानाच हा विषय काढा, नसबंदीसारख्या साध्या ऑपरेशनलासुद्धा.

गोचिडांमुळे होणाऱ्या बबेसिया आणि एर्लिकिया या आजारांची चाचणीही एकदा करून घ्या. शर्यतीच्या कुत्र्यांमध्ये ते अनेक महिने लपून राहू शकतात.

कोणते आजार जास्त आढळतात?

हाडाचा कर्करोग, म्हणजे ऑस्टिओसार्कोमा, हे नाव माहीत असू द्या. या जातीत त्याचं प्रमाण जास्त आहे. मध्यमवयीन किंवा वयस्कर ग्रेहाउंड लंगडू लागला आणि विश्रांती व औषधांनी आठवडाभरात फरक पडला नाही, तर एक्स-रे काढा. ‘मुरगळला असेल’ म्हणून महिना घालवू नका.

पण प्रत्येक लंगडण्यामागे तेच नसतं. पंज्याच्या तळव्यात रुतलेला कडक घट्टा, म्हणजे कुरूप, हे ग्रेहाउंडचं खास दुखणं आहे. खडीवर लंगडतो आणि गवतावर नीट चालतो, तर तळपाय उलटून पाहा. जुन्या दुखापतीही असतात. ट्रॅकवर सतत डावीकडे वळावं लागतं, त्यामुळे मागच्या उजव्या पायाच्या घोट्याची हाडं जास्त मोडतात आणि म्हातारपणी तिथे संधिवात धरतो. दत्तक घेताना ती माहिती मागून घ्या.

लांब शेपटी भिंतीवर आपटून टोक फुटतं आणि ती जखम भरता भरत नाही. लवकर बांधा.

थंडी-उन्हाचं काय?

दोन्ही सोसत नाही. केस आखूड, आतली लव नाही, चरबी नाही. तुम्हाला जाड स्वेटर लागतो तेव्हा त्याला कोट लागतो, म्हाताऱ्याला घरातसुद्धा. उन्हाळ्यात पहाटे आणि उशिरा संध्याकाळीच फिरवा, आणि गरम दिवशी धावू देऊ नका. इतके मोठे स्नायू क्षणात खूप उष्णता तयार करतात.

दत्तकाची प्रक्रिया कशी असते?

अर्ज, बोलणं, घराची पाहणी, मग तुमच्या घराला साजेसा कुत्रा सुचवणं. शुल्क असतं, त्यात बहुतेक वेळा नसबंदी, लसीकरण, मायक्रोचिप आणि दातांची सफाई धरलेली असते. संस्था खूप प्रश्न विचारते म्हणून चिडू नका, न विचारणाऱ्या संस्थेपासून सावध राहा. रंगावरून किंवा फोटोवरून कुत्रा निवडू नका. काळे कुत्रे वर्षभर वाट पाहतात आणि त्यांचा काहीही दोष नसतो. तुमचं वेळापत्रक, घरातले प्राणी, जिने, सगळं खरं खरं सांगा आणि निवड संस्थेवर सोपवा. न जमल्यास कुत्रा त्याच संस्थेने परत घ्यायचा असा करार हवा. परत द्यावा लागला तर लाज वाटून घेऊ नका, पण परस्पर तिसऱ्याला मात्र देऊ नका.

आठ-नऊ वर्षांच्या कुत्र्यांचाही विचार करा. मालक वारल्यामुळे किंवा परदेशी गेल्यामुळे ते परत आलेले असतात, घर त्यांना ठाऊक असतं, आणि त्यांच्यासाठी फोन फार कमी येतात.

एकट्याला करमेल, की दोन घ्यावेत?

आधी एक. दुसरा आणल्याने पहिल्याची एकटेपणाची भीती जातेच असं नाही. पुष्कळदा दोन घाबरलेले कुत्रे होतात. पहिला रुळला, तुमची आर्थिक तयारी असली, तर मग जरूर. अपवाद म्हणजे केनेलमध्ये एकमेकांशिवाय न जेवणारी जोडी. ती तोडू नये.

नाव बदललं तर चालेल का? आणि कानातले आकडे कसले?

शर्यतीचं कागदोपत्री नाव लांबलचक असतं आणि ते कुत्र्याला ठाऊकही नसतं. केनेलमध्ये वेगळ्या, छोट्या नावाने हाक मारतात. ते विचारून घ्या. आवडलं नाही तर बदला, खाऊसोबत आठवड्याभरात नवं नाव अंगवळणी पडतं.

कानाच्या आतला गोंदलेला क्रमांक ही त्याची ओळख. अमेरिकेतल्या कुत्र्याच्या डाव्या कानात त्या वेताचा नोंदणी क्रमांक असतो, उजव्या कानात जन्माचा महिना, वर्षाचा शेवटचा आकडा आणि वेतातल्या पिल्लाचं अक्षर. ‘६३ सी’ म्हणजे जून महिना, तीनवर संपणारं वर्ष, त्या वेतातलं तिसरं नोंदलेलं पिल्लू. आयर्लंडमध्ये नोंदलेल्या कुत्र्याच्या दोन्ही कानांत अक्षरं असतात, इंग्लंडमधल्याच्या बहुधा एकाच. या क्रमांकावरून त्याचे आईवडील, भावंडं आणि सगळ्या शर्यतींची नोंद शोधता येते. तो क्रमांक मायक्रोचिपच्या क्रमांकासोबत लिहून ठेवा, आणि चिपच्या नोंदणीत मालक म्हणून तुमचं नाव आणि चालू फोन नंबर आला आहे का ते घरी आणल्याच्या आठवड्यातच तपासा.